तेरावा रकाना

आझाद मैदानावर कांगा लीगचे सामने चालायचे तेव्हा मी आमच्या क्लबचा स्कोअरर होतो. खेळायला मला यथातथाच येत होते, पण अक्षर बरे होते आणि बेरीज चुकत नव्हती, एवढ्या दोन गुणांवर तंबूतले ते डुगडुगते टेबल माझ्या वाट्याला आले होते. शेजारी समोरच्या संघाचा स्कोअरर, पावसाची सर आली की वहीवर ओढून घ्यायला प्लास्टिकचा कागद, टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि एक खोडरबर. हे खोडरबर दिवसभर जवळ ठेवावे आणि संध्याकाळी न वापरता परत खिशात टाकावे, यातच स्कोअररची अब्रू असते, असे मला हे काम शिकवणाऱ्या गृहस्थांचे ठाम मत होते.

तिथे एकदा आमचाच एक फलंदाज एकोणपन्नासावर बाद झाला. तासाभरापूर्वी त्याच्या पायाजवळून फाइन लेगला गेलेल्या एका चेंडूवर त्याने एक धाव काढली होती, अंपायरने गुडघा उचलून थोपटला होता आणि मी ती लेगबाय म्हणून अवांतर धावांत लिहिली होती. पॅड न काढताच तो टेबलापाशी आला, वहीत आपल्या नावापुढची ओळ बोट लावून वाचली आणि म्हणाला, "ती बॅटला लागली होती रे." आवाज मीही ऐकला होता, किंवा ऐकल्यासारखे मला वाटले होते. पण स्कोअररने कानाला ऐकू आलेले लिहायचे नसते, अंपायरचा हात सांगेल ते लिहायचे असते. तो गेला, मी पुढचे षटक लिहायला घेतले, आणि तो एकोणपन्नासचा आकडा माझ्याच अक्षरात, मीच रेघ मारून, कायमचा बंद झाला.

बेसबॉलशी माझी गाठ पडली ती त्यानंतर पस्तीसएक वर्षांनी, मुलीकडे अमेरिकेत गेलो असताना. "बाबा, कंटाळा आला तर सांगा, मधेच निघू," असे आधीच बजावून जावई मला ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट नावाच्या गावी मकॉय स्टेडियममध्ये घेऊन गेला. पॉटकेटचा संघ मुख्य लीगच्या एक पायरी खालचा, म्हणजे उद्या बॉस्टनकडून खेळतील अशी पोरे आणि काल खेळून परत आलेले काही थकलेले गडी यांचा. खेळाडूंची बसायची जागा तिथे प्रेक्षकांच्या थेट पायाखाली होती, त्यामुळे मुलांनी सह्या मिळवण्याची एक युक्ती काढलेली होती. दुधाचा प्लास्टिकचा कॅन कापायचा, त्यात चेंडू आणि पेन ठेवायचे आणि दोरीने खाली सोडायचे, विहिरीत पोहरा सोडावा तसे. खालून कोणी सही केली की दोरीला हिसका बसे. सामना सुरू होईपर्यंत मी हा एकच खेळ पाहत होतो.

पुढे माझे लक्ष शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या मांडीकडे गेले. त्यांच्याकडे चौकटींनी भरलेला एक जाड कागद होता, प्रत्येक चौकटीत एक छोटा पतंगाच्या आकाराचा चौकोन छापलेला होता आणि ते दर चेंडूनंतर त्यात काहीतरी टिपत होते. मी स्कोअरर होतो असे सांगितल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पद्धत समजावून दिली. मैदानावरच्या नऊ जागांना नऊ आकडे असतात. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा १, कॅचर म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा २, पहिल्या बेसवरचा, म्हणजे फलंदाजाच्या फेरीतल्या पहिल्या थांब्यावरचा, ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर चौकटीत फक्त '६-३' लिहायचे. फलंदाज बेसवर पोचला की पतंगाची एक बाजू ठळक करायची आणि फेरी पूर्ण करून घरी आला की सगळा पतंग भरून टाकायचा. तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू हुकवून किंवा सोडून, बाद झाला तर 'के'. तिसरी स्ट्राइक बॅट न हलवता नुसती बघत राहिला, तर तोच 'के' उलटा काढायचा.

हे सगळे मला परके वाटले नाही, आणि त्याचे कारण नंतर कळले. बेसबॉलच्या नोंदींचा हा संसार ज्याने मांडला तो हेन्री चॅडविक इंग्लंडात एक्सेटरला १८२४ साली जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला आणि न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा माणूस होता. क्रिकेटचा धावफलक त्याच्या हाताच्या सवयीचा, तोच त्याने काटछाट करून या नव्या खेळाला शिवून दिला. 'के'ही त्याचाच. 'एस' हे अक्षर दुसऱ्या एका नोंदीसाठी आधीच अडकलेले होते, म्हणून 'स्ट्रक' या शब्दाचे शेवटचे अक्षर त्याने घेतले. क्रिकेटला घरचा मानणाऱ्या माणसाला बेसबॉल चुलत घराण्यातला वाटतो तो बॅट आणि चेंडूमुळे, असे लोक समजतात. मला विचाराल तर ते नाते वहीतून आलेले आहे.

या खेळाचे थोर विक्रम मी नंतर वाचले. ज्यो डिमॅजिओने १९४१ साली सलग ५६ सामन्यांत किमान एक तरी हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारली, कॅल रिपकिन एकही दिवस न चुकवता सलग २,६३२ सामने खेळला. आकडे अफाट आहेत यात वाद नाही. पण ते वहीत नीट बसतात, आणि वहीत नीट बसणाऱ्या गोष्टीबद्दल स्कोअररला काय वाटायचे? माझे मन रमते ते लिहिताना स्कोअररची पेन्सिल थबकली असेल अशा सामन्यांत. अशा पहिल्या सामन्याची गोष्ट मला त्याच संध्याकाळी, त्याच बाकावर ऐकायला मिळाली, कारण तो सामना समोरच्या मैदानावरच झालेला होता.

शनिवार, १८ एप्रिल १९८१, दुसऱ्या दिवशी ईस्टर. पॉटकेटचा सामना रॉचेस्टरशी होता आणि दिव्यांच्या बिघाडामुळे तो अर्धा तास उशिरा, आठच्या सुमारास सुरू झाला. बेसबॉलमधली इनिंग म्हणजे आपला डाव नव्हे. दोन्ही बाजूंचे तीन-तीन गडी बाद झाले की एक इनिंग संपते आणि अशा नऊ झाल्या की सामना आटोपतो. बरोबरी झाली तर मात्र निकाल लागेपर्यंत खेळायचे. नवव्याअखेर १-१ अशी बरोबरी झाली आणि मग इनिंगमागून इनिंग निघत गेल्या. थंडी बोचत होती, वारा आत वाहत होता आणि उंच मारलेले चेंडू कुंपणाकडून परत आत ढकलले जात होते. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने एक धाव काढली तेव्हा सर्वांना सुटल्यासारखे झाले असणार, तेवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्जने डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारून पुन्हा बरोबरी साधली. आपले सहकारी आता आपल्याला मिठी मारतात की बुकलतात हे त्या क्षणी कळत नव्हते, असे तो पुढे सांगत असे. ऊब मिळावी म्हणून खेळाडूंनी मोडक्या बॅटी पिंपात घालून पेटवल्या.

ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करू नये असा त्या लीगचा दंडक होता, परंतु त्या वर्षी अंपायरांना दिलेल्या नियमावलीत नेमके तेच कलम छापायचे राहून गेले होते. अंपायर छापील शब्दाला धरून बसले. (मी त्यांना दोष देणार नाही.) अखेर लीगच्या अध्यक्षांना भल्या पहाटे फोनवर गाठले गेले आणि बत्तिसावी इनिंग संपल्यावर, पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, २-२ अशा बरोबरीत खेळ थांबवण्यात आला. त्या वेळी प्रेक्षकांत १९ माणसे उरली होती. त्यांना क्लबने पुढे हंगामाचे मोफत पास दिले. पॉटकेटचा पिचर लुइस अपोंटे आपले काम संपवून पहाटे घरी पोचला, तेव्हा इतका वेळ बेसबॉल खेळत होतो या त्याच्या म्हणण्यावर बायकोने विश्वास ठेवला नाही आणि दार उघडले नाही, असा किस्सा सांगतात. उद्याचा पेपर बघ, असे त्याने सांगावे, तर पेपर आधीच छपाईला गेलेले.

उरलेला सामना २३ जूनला झाला. मुख्य लीगचे खेळाडू तेव्हा संपावर होते, म्हणून एरवी या गावाकडे ढुंकूनही न पाहणारे वार्ताहर आणि कॅमेरे लोटले. सगळी तयारी, सगळी गर्दी, आणि खेळ चालला अवघी १८ मिनिटे. तेहतिसाव्या इनिंगमध्ये डेव्ह कोझाने एक साधी सिंगल मारली, मार्टी बॅरेट धावत घरी आला आणि पॉटकेट ३-२ने जिंकले. एकूण वेळ ८ तास २५ मिनिटे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये याहून लांब सामना झालेला नाही.

त्या रात्री एका बाजूला तिसऱ्या बेसवर बॉग्ज होता आणि दुसऱ्या बाजूला त्याच जागी तो मघाचा रिपकिन होता. दोघेही पुढे बेसबॉलच्या थोरांसाठी असलेल्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. पण माझ्या डोळ्यांपुढे राहतो तो रॉचेस्टरचा कॅचर डेव्ह हपर्ट, जो ३१ इनिंग उकिडवा बसला, किंवा डॅलस विल्यम्स, ज्याला त्या एका सामन्यात १३ वेळा फलंदाजी मिळाली आणि १३ वेळा हात हलवत परत यावे लागले. एका सामन्यात त्याची वर्षाची सरासरी पार खाली आली. आणि निकाल लावणारा डेव्ह कोझा मुख्य लीगमध्ये कधीच खेळला नाही. स्कोअरच्या कागदावर साधारणतः दहा-बारा इनिंगचे रकाने आखलेले असतात. त्या रात्री वर बसलेल्या स्कोअररने तेराव्या इनिंगला नवा कागद घेतला असेल, पंचविसाव्याला आणखी एक, आणि नंतर काय केले असेल, हा प्रश्न मी शेजारच्या आजोबांना विचारला. ते नुसते हसले.

मुख्य लीगमध्येही याची एक भावंड-गोष्ट आहे. १ मे १९२० रोजी ब्रुकलिन आणि बॉस्टन २६ इनिंग खेळले, दोन्ही बाजूंना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेकच पिचर होता, लिऑन कॅडोर आणि ज्यो ओश्गर, आणि अंधार पडल्यावर सामना १-१ असा सोडून द्यावा लागला. ब्रुकलिन दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियाशी १३ इनिंग खेळून हरले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बॉस्टनशी १९ इनिंग खेळून हरले. तीन दिवसांत ५८ इनिंग आणि पदरात एकही विजय नाही!

काही नोंदी लिहिल्या जातात आणि मग कोणाला तरी त्या डोळ्यांत खुपतात. सेंट लुईस ब्राउन्स या कायम तळाशी असलेल्या संघाचा मालक बिल व्हेक हा जाहिरातबाज माणूस होता. १९ ऑगस्ट १९५१ रोजी त्याने दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत मैदानावर एक मोठा खोटा केक आणवला आणि त्यातून एडी गेडेल बाहेर आला. त्याची उंची ३ फूट ७ इंच आणि पाठीवरचा क्रमांक एक अष्टमांश. लोक हसले आणि विसरले. परंतु दुसऱ्या सामन्याच्या पहिल्याच इनिंगमध्ये तो खरोखर बॅट घेऊन उभा राहिला. अंपायर धावत आला, तर संघाच्या व्यवस्थापकाने खिशातून रीतसर करार काढून दाखवला. डेट्रॉइटचा कॅचर गुडघ्यांवर बसला, पिचर बॉब केनला हसू आवरेना, आणि चेंडू फलंदाजासमोरच्या ज्या टापूतून जावा लागतो त्या एवढ्याशा टापूत चारांपैकी एकही बसला नाही. चार चेंडू असे चुकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, म्हणून गेडेल चालत तिथे गेला, त्याच्या जागी दुसरा धावपटू आला आणि त्याची कारकीर्द संपली.

हा प्रसंग विनोदी म्हणून सांगतात आणि मलाही पहिल्यांदा हसू आले होते, पण एका माणसाच्या उंचीवर तिकिटे खपवण्याचा तो प्रकार आहे हे जाणवले की ते हसू घशात अडकते. लीगच्या अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी करार रद्द केला, एवढेच नव्हे तर गेडेलचे नाव नोंदींतून काढून टाकायला लावले. हे मला व्हेकच्या तमाशापेक्षाही वाईट वाटते. तो आला होता, चार चेंडू उभा राहिला होता, बेसवर पोचला होता. लिहिलेले खोडणारे तुम्ही कोण? पुढे ती नोंद परत घालण्यात आली आणि आज प्रत्येक कोशात ती आहे: एकदा फलंदाजीला आला, एकदा बेसवर गेला. तो १९६१ साली, छत्तिसाव्या वर्षी वारला. बेसबॉलच्या जगातून त्याच्या अंत्यविधीला एकच माणूस गेला होता, त्याला चार चेंडू टाकणारा बॉब केन.

जोएल यंगब्लडची गोष्ट त्यामानाने सुखाची. ४ ऑगस्ट १९८२ रोजी दुपारी तो न्यूयॉर्क मेट्सकडून शिकागोत खेळत होता, तिथे त्याने फर्ग्युसन जेनकिन्सला हिट मारली आणि सामना चालू असतानाच त्याला कळवण्यात आले की तुला मॉन्ट्रियलला दिले आहे. विसरलेला ग्लव्ह घ्यायला तो पुन्हा मैदानावर आला, विमान पकडून फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री नव्या संघाकडून स्टीव्ह कार्लटनला हिट मारली. एक दिवस, दोन शहरे, दोन संघ, दोन हिट, आणि मार खाणारे दोन्ही पिचर पुढे हॉल ऑफ फेममध्ये.

आता परफेक्ट गेमकडे येतो. नऊ इनिंगमध्ये समोरचे २७ फलंदाज येतात आणि २७ जण परत जातात, एकही पहिल्या बेसपर्यंत पोचत नाही, याला परफेक्ट गेम म्हणतात. दीडशे वर्षांच्या मुख्य लीगमध्ये २०२३पर्यंत असे फक्त २४ झाले. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटचा अर्मांडो गलाराग्गा क्लीव्हलँडविरुद्ध २६ जण बाद करून एका गड्यावर येऊन थांबला होता. जेसन डोनाल्डने चेंडू उजवीकडे जमिनीलगत मारला, मिगेल काब्रेराने तो पुढे होऊन उचलला, गलाराग्गा स्वतः पहिल्या बेसकडे धावला, चेंडू त्याच्या ग्लव्हमध्ये आला आणि पाय बेसवर पडला. वहीत '३-१' लिहायला स्टेडियममधल्या प्रत्येकाची पेन्सिल टेकलेली असणार. अंपायर जिम जॉइसने हात आडवे पसरले. सेफ.

गलाराग्गा हसला. त्याचे ते हसणे मी चित्रफितीत अनेकदा पाहिले आहे आणि अजूनही ते मला पुरते उलगडलेले नाही. ओरडला नाही, ग्लव्ह आपटला नाही, परत जाऊन त्याने अठ्ठाविसावा गडी बाद केला. सामन्यानंतर चित्रफीत पाहिल्यावर जॉइसने आपली चूक उघडपणे कबूल केली आणि त्याला भेटून रडत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी फलंदाजांच्या यादीचा कागद होम प्लेटपाशी अंपायरला द्यायला डेट्रॉइटने मुद्दाम गलाराग्गाला पाठवले. जॉइस कागद घेताना डोळे पुसत होता. निर्णय मात्र बदलला नाही. २०१४पासून असे निर्णय चित्रफीत पाहून दुरुस्त करता येतात, पण त्या सामन्याच्या कागदावर नवव्या इनिंगमध्ये एक हिट आहे ती आहेच. हे वाचले त्या रात्री मला आझाद मैदानावरचा तो एकोणपन्नास आठवला आणि झोप लागली नाही. त्या फलंदाजाला भेटून आपण कधी काही बोललो नाही, हे पस्तीस वर्षांनी लक्षात आले.

आणि हार्वी हॅडिक्स. पिट्सबर्गचा डावखुरा पिचर, अंगाने बेताचा, टोपणनाव 'किटन'. २६ मे १९५९ रोजी तो सर्दीतापाने बेजार असताना मिलवॉकीत खेळायला उतरला. समोर हँक एरन, एडी मॅथ्यूज, ज्यो ॲडकॉक अशी फळी होती. नऊ इनिंगमध्ये २७ आले, २७ गेले. इथे परफेक्ट गेम व्हायचा, पण पिट्सबर्गलाही धाव मिळाली नव्हती. मिलवॉकीचा ल्यू बर्डेट हिट देत होता आणि धाव देत नव्हता. त्या रात्री त्याने एकूण १२ हिट दिल्या आणि धावांपुढे शून्य. हॅडिक्सने दहावी, अकरावी, बारावी इनिंगही तशीच काढली. ३६ आले, ३६ गेले. शिवाय कॅचरच्या खुणा मिलवॉकीचे लोक दुर्बिणीतून पाहून फलंदाजांना कळवत होते, असे त्यांच्यातल्याच एकाने पुढे सांगितले. पुढचा चेंडू कोणता येणार हे ठाऊक असूनही त्यांना तो मारता आला नव्हता.

तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकने चेंडू वाईट फेकला आणि पहिला माणूस बेसवर आला. मॅथ्यूजने स्वतःचा बळी देऊन त्याला पुढे सरकवले. एरनला मुद्दाम चालत जाऊ दिले. मग ॲडकॉकने चेंडू कुंपणापार टोलावला आणि सामना संपला. पण तोही सरळ संपला नाही, कारण चेंडू आतच पडला असे समजून एरन फेरी सोडून परत वळला, मागून येणारा ॲडकॉक त्याच्या पुढे गेला आणि नियमाने बाद ठरला. होम रनची डबल झाली, आणि लीगच्या अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी १-० हा निकाल कायम केला. हॅडिक्सच्या नावापुढे पराभव लागला. १९९१ साली मुख्य लीगच्या समितीने व्याख्या घट्ट केली: संपूर्ण सामन्यात हिट नसेल तरच तो 'नो-हिटर'. त्या फटक्यात ५० सामने यादीतून गेले, त्यात हाही. हॅडिक्सने शांतपणे उत्तर दिले, की हरकत नाही, मी काय केले ते मला माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी मकॉयहून आणलेला एक कोरा स्कोअरकागद काढला आणि वाचलेल्या वर्णनांवरून मिलवॉकीची ती शेवटची इनिंग मांडून पाहिली. रकाने बारापर्यंतच होते, म्हणून समासात पट्टी धरून तेरावा आखला. पहिल्या चौकटीत 'ई-५', होकच्या नावची चूक. दुसऱ्यात मॅथ्यूजचा बळी. तिसऱ्यात एरनचे चालत जाणे, पतंगाची एक बाजू. चौथ्यात ॲडकॉक आला, आणि हाताच्या ओघात मी पतंगाच्या चारही बाजू ठळक करून आत भरूनही टाकल्या. मग आठवले. दोन बाजू खोडायच्या होत्या, भरलेला भाग खोडायचा होता, आणि कागद जुना. मी खोडरबर शोधायला उठलो.